छाट बिडी आणि लेवीय १९

पवित्र जीवन म्हटलं की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आधी काय करायचं नाही त्याची यादी निघते. दारू नाही, तंबाखू नाही, पिक्चर नाही, गणपतीची वर्गणी नाही, प्रसाद नाही, आणि कन्व्हेन्शनला, म्हणजे प्रवचनांच्या मोठ्या सभांना, बाहेरून वक्ते आले की ती यादी अजून लांबते. मी यादीच्या विरोधात नाही हं. दारूनं आमच्या निपाणीत किती घरं बसली ते मी बघितलंय, आणि ज्या घरातला बाप प्रभूकडे आला, पिणं सुटलं, त्या घरातल्या पोरांची तोंडं कशी उजळतात तेही बघितलंय, त्यामुळं यादी लागतेच. पण यादी पाळली की पवित्र झालो, असं जे आपण धरून चालतो तिथं मला बोलायचंय.

प्रसादाचा प्रश्न आपल्याकडे खरोखरचा आहे. गल्लीत एकमेकांच्या भिंतीला भिंत, शेजारच्या वहिनी ताटात मोदक घेऊन दारात उभ्या, आता काय करायचं? प्रेषित पौलाला करिंथच्या मंडळीनं हाच प्रश्न विचारला होता, बायबलमधलं त्याचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १० वाचा. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा आणि वाढलेलं खा, पण हे मूर्तीला दाखवलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, आणि तेसुद्धा सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे तिथंही पौल सारखं दुसऱ्या माणसाकडेच बघतोय. आमच्या घरी दिवाळीचा फराळ घेतो, ख्रिसमसला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात, प्रसाद मात्र हात जोडून नको म्हणतो आणि वहिनींना ते कळतं, वाईट वाटून घेत नाहीत. दुसऱ्या कुणी वेगळं ठरवलं असेल तर त्याच्याशी मी भांडणार नाही.

मला खरं ओढतं ते लेवीय १९, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. तुम्ही पवित्र व्हा कारण मी पवित्र आहे, हे देव तिथं मोशेला सगळ्या मंडळीला सांगायला लावतो, आणि पेत्रानं आपल्या पहिल्या पत्रात हेच उचललंय. हे वाक्य आपल्याला पाठ असतं पण त्याच्या पुढं काय काय येतं ते सावकाश वाचत नाही कुणी. आईबापांचा मान आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, येतो, मूर्ती नको हे येतं, आणि थोड्याच ओव्यांनी शेत येतं. कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आपल्याकडे भुईमूग काढून झाला की मागनं बाया पोरं जाऊन मातीतल्या राहिलेल्या शेंगा वेचतात ना, तोच सरवा. मग चोरी नको, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही, बहिऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, आंधळ्याच्या वाटेत काही टाकायचं नाही, चहाड्या करत फिरायचं नाही, पिकल्या केसांसमोर उठून उभं राहायचं, आणि शेवटाकडे तराजू खरा, वजनं खरी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे येशूनं सांगितलेलं वचनसुद्धा याच अध्यायातलं, १८ वी ओवी. पवित्रतेच्या अध्यायात देव बाजारात आणि शेतात फिरतोय, पगाराच्या दिवशी दारात उभा आहे.

आता मजुरीचं. माझी आई बिड्या वळायची, निपाणीत कितीतरी घरांत बायका वळतात. पानं आदल्या रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप, सुपात जर्दा, पानावर चिमूटभर पसरून वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीसचा कट्टा. बोटांची टोकं पिवळी पडायची आणि साबणानं जायची नाहीत. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल घेऊन गेलं की तिथला माणूस कट्टे उलटे पालटे करून बघायचा आणि काही बिड्या बाजूला काढायचा, ही छाट. छाट म्हणजे खराब, तिचे पैसे नाहीत, पण छाट परतही द्यायची नाही, ती त्याच्याकडेच राहणार. बायका म्हणायच्या की तीच बिडी पुढं विकली जाते. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा तेव्हा होता, त्यात या छाटीच्या भांडणाचासुद्धा विचार केलेला होता, पण संध्याकाळी रांगेत उभी असलेली बाई तिथं कायदा कुठं काढणार, उद्या पान मिळालं नाही तर?

आई घरी येऊन शिव्या द्यायची नाही. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढायला लावायची मला, तुम्ही कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय, आणि म्हणायची, "ऐकतोय न्हवं त्यो, मग झालं." पण मी मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं की हे नुसतं आईच्या समाधानाचं वचन नाही, हे छाट काढणाऱ्याला लिहिलेलं आहे, आणि तो रविवारी कुठल्यातरी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत असेल तर त्यानं बिडी ओढत नाही म्हणून साक्ष देऊन काय उपयोग?

आणि हो, आईला लोक विचारायचे, विश्वासी बाई तू, बिड्या कशाला वळतेस? हा प्रश्न खोटा नाही, तंबाखूनं माणसं मरतात. पण विचारणाऱ्यांतल्या कुणी तिला दुसरं काम दिलं नाही. मला विचाराल तर ज्या मंडळीला तंबाखू अपवित्र वाटतो तिनं बिडी वळणाऱ्या बहिणींसाठी शिलाई मशीन घ्यावी, पोरींची कॉलेजची फी बघावी, आणि तोवर तिच्या पिवळ्या बोटांकडे बघून नाक मुरडू नये.

बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात एक जागा मला फार आवडते. महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर "परमेश्वराला पवित्र" असं कोरायला निर्गमाच्या पुस्तकात सांगितलंय, आणि जखऱ्या म्हणतो की तो दिवस येईल तेव्हा हेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमातलं नि यहूदातलं प्रत्येक भांडं पवित्र असेल. प्रत्येक भांडं! मग धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार "सुट्टे नाहीत, उद्या घ्या" म्हणून लांबवणं कुठं बसतं? फोनपे आहे की सगळ्यांकडे.

अजून एक, आणि हे आपल्या बेळगाव जिल्ह्यात लिहायला जड जातं. त्याच लेवीय १९ मध्ये ३४ वी ओवी आहे, तुमच्यात राहणारा परका तुम्हाला देशातल्या माणसासारखाच असावा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. आता सीमाभागात परका कोण हाच तर १९५६ पासूनचा वाद. १ नोव्हेंबर आला की एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे काळा दिन, आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हीकडचे फॉरवर्ड. एरवी कन्नड उपासना आणि मराठी उपासना एकाच छपराखाली होतात. मी मराठी आहे, माझे कागद मला मराठीत मिळावेत असं मला वाटतं आणि ते मी मोठ्यानं म्हणणार, त्यात काही पाप नाही. पण आई दवाखान्यात होती तेव्हा कन्नड उपासनेतल्या अक्का रोज डबा घेऊन यायच्या, आईचा हात धरून "कर्तने, कर्तने", म्हणजे हे प्रभू, म्हणत प्रार्थना करायच्या, आईला कन्नड जेमतेम यायचं तरी शेवटी आमेन बरोबर म्हणायची. त्या अक्कांबरोबर प्रभुभोजन घ्यायचं आणि त्यांच्या भाषेला नावं ठेवणारा मेसेज घरी जाऊन पुढं ढकलायचा, हे मला प्रसाद खाण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

म्हणून यंदा मी ग्रुपवर लिहिलंय की त्या आठवड्यात कुठल्याच बाजूचं फॉरवर्ड नको आणि १ तारखेला संध्याकाळी दोन्ही भाषांची मिळून प्रार्थना घेऊया. पाळकसाहेब हो म्हणाले, अक्का हो म्हणाल्या, काही काकांना पटलेलं नाही, त्यांच्याशी रविवारी उपासनेनंतर समोरासमोर बसून बोलणार आहे.