गाडीच्या टपावर डिश: अलिबाग ते मालवण

कोकणात गाडी लावताना आपल्याला समोर समुद्र हवा असतो. टपावरच्या टीव्हीच्या डिशला समुद्राशी देणंघेणं नाही, तिला आग्नेय हवी. अलिबाग ते मालवण प्रत्येक मुक्कामाला जागा ठरवताना याच एका गोष्टीवरून घासाघीस झाली. बायकोला खिडकीतून लाटा दिसायला हव्यात आणि अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मॅच चुकता कामा नये. मोबाइलवर बघा म्हणायची सोय नाही. एक तर खाडीकाठच्या गावांत नेटवर्क येतं-जातं, आणि दुसरं म्हणजे "काडेपेटीत क्रिकेट बघायला मी काय मुंगी आहे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गाडी म्हणजे ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेलं फिरतं घर. टपावर ६० सेंटीमीटरची साधी लोखंडी डिश, आडवी पाडता येईल असा ब्रॅकेट, आत डीडी फ्री डिशचा बॉक्स. बटण दाबल्यावर आपोआप उपग्रह शोधणारे घुमट मिळतात, पण त्या पैशात कोकणाच्या कितीतरी फेऱ्या होतील. चालत्या गाडीत टीव्ही बघायचा नाही, थांबल्यावर हातानेच लावायची, तर साधी डिश पुरते. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी मिळते, आणि भारताचे बरेच सामने डीडी स्पोर्ट्सवर असतात.

आता दिशेचं. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. अलिबागहून तो होकायंत्रावर १३० अंशांना आणि क्षितिजापासून ५८ अंश वर येतो. मालवणहून १२७ आणि ६०. म्हणजे अख्ख्या किनाऱ्यावर फरक दोन-तीन अंशांचा. एकदा ब्रॅकेटवर उंचीची खूण केली की पुढे नुसतं डावं-उजवं करायचं. एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, मात्र सरळ उभा ठेवून चालत नाही. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने पन्नासेक अंश कललेला हवा. तिथेही मार्करने रेघ मारून ठेवा.

साठ अंश म्हणजे डिश जवळजवळ डोक्यावर बघते, त्यामुळे सह्याद्री आड येत नाही. आड येतं ते झाड. माझा हिशेब सोपा आहे: आग्नेयेला जे झाड असेल त्याच्या उंचीच्या साठ टक्के तरी त्याच्यापासून लांब राहायचं. पंधरा मीटरचा माड असेल तर नऊ मीटर, वीस मीटरचा सुरू असेल तर बारा. बाकीच्या बाजूंना कितीही झाडं असू द्यात, काही बिघडत नाही. वाडीत गाडी लावायची असेल तर मोठं झाड पश्चिमेला राहील असं बघा. दुपारनंतरची सावली मिळते आणि डिशला आकाश मोकळं.

ह्या हिशेबाने किनाऱ्यावरच्या जागा आपोआप वेगळ्या होतात. गुहागरला सुरूच्या बनाच्या समुद्राकडच्या बाजूला गाडी लावली की बन नेमकं पाठीशी, म्हणजे आग्नेयेला येतं. तिथे सिग्नल विसरा. गावाकडच्या बाजूला या. दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांत तर टपावरची डिश शोभेची. सुपाऱ्या इतक्या दाट की आकाश चाळणीतून दिसतं. याउलट आरे-वारेच्या चढावर, किंवा कुठल्याही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाच मिनिटांत काम. फक्त सड्यावर वारा फार. देवगडला पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. दुपारनंतर पश्चिमेचा वारा डिशच्या पाठीवर बसतो आणि ब्रॅकेटचा नट ढिला असला की डिश हळूहळू मान फिरवते. झोपताना ती आडवी पाडून ठेवा.

गाडी समतल असणं लोक हसण्यावारी नेतात. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. एक चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी तीन अंश कलली की सिग्नल गेला. चाकाखाली घालायला फळीचे तुकडे बरोबर असू द्यात. पुळणीत मात्र गाडी घालू नका. रुतली तर ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

लावताना फोनचं होकायंत्र टपावर धरू नका, पत्र्याने ते बहकतं. गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहून १३० अंशांवर एखादी खूण हेरा, एखादं कौलारू घर, खांब, काहीही, आणि मग वर चढून डिश तिकडे वळवा. गावातल्या डिश बघून दिशा घेण्याचा मोह होतो, पण त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आणि एअरटेलचा १०८.२ वर, म्हणजे डिशचं तोंड पंधरा-वीस अंश इकडेतिकडे. खरी फसगत ९५ अंशांवाला डिश टीव्हीचा उपग्रह करतो. तो आपल्यापासून दीडच अंश दूर. सिग्नल फाइंडर, म्हणजे वायरीत जोडायचं सिग्नल मोजणारं यंत्र, जोरात वाजतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पडद्यावर काही नाही. म्हणून फाइंडरवर विसंबू नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी ९७५०-१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५०० घाला आणि क्वालिटीची पट्टी बघत केसभर केसभर सरकवा. स्ट्रेंग्थची पट्टी काय, कुठेही वर जाते.

बसवण्याचं काम हा खरा मुद्दा, कारण खारा वारा चुका लपवू देत नाही. आमचा पहिला ब्रॅकेट एका गॅरेजवाल्याने साध्या लोखंडी स्क्रूंनी टपाला आवळून दिला होता. पावसाळा संपला तेव्हा स्क्रूंच्या डोक्यांवरून गंजाचे तांबूस ओघळ पार खिडकीपर्यंत आलेले, आणि आतल्या कपाटाचा प्लायवुड फुगलेला. आता सगळे बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे आहेत. ३०४ स्वस्त पडतं, पण किनाऱ्यावर त्यावरही तांबूस ठिपके येतात. ब्रॅकेटची पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर बोल्ट आणि पट्टी यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर दोन धातू आणि मिठाचं पाणी मिळून ॲल्युमिनियम खातात. टपाचा पत्रा पातळ असतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर वजन टांगू नका. आतून पट्टी देऊन पत्रा दोहोंमध्ये दाबून घ्या, आणि जमलं तर आडव्या बरगडीजवळच भोक पाडा. भोकाच्या कडेला रंग लावा, मग पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ते खरवडून काढता काढता नाकी नऊ येतात.

वायर आरजी-६ (डिशची नेहमीची गोल केबल), तांब्याच्या गाभ्याची. टपातून आत घेताना तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. एलएनबीच्या जोडावर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून गुंडाळा. साधी काळी टेप उन्हात डिंक सोडते.

अर्धेच चॅनेल दिसायला लागले तर डिश हलवत बसू नका. बॉक्स एलएनबीला कधी १३ व्होल्ट देतो, कधी १८, त्यावरून उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचे (म्हणजे उभ्या किंवा आडव्या कंपनांच्या लहरींवरचे) चॅनेल निवडले जातात. जोडात खार चढला की १८ व्होल्ट वर पोचत नाहीत आणि एक अख्खा गट गायब होतो. कनेक्टर कापून नवा लावा, बहुतेकदा तेवढंच असतं. बॉक्सचा ॲडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर इन्व्हर्टरची गरज नाही, पण बॅटरीला थेट जोडू नका. चार्जिंगच्या वेळी तिथे १४ च्या वर व्होल्ट असतात. मध्ये स्थिर १२ देणारा कन्व्हर्टर घाला.

रस्त्याचं थोडं. केळशी, आंजर्ल्याच्या बाजूला दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर आंब्याच्या फांद्या आणि वायरी. डिश आडवी पाडल्यावर गाडीची एकूण उंची मोजून ड्रायव्हरसमोर लिहून चिकटवा. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी वळसे वाचतात, पण ओहोटीला उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकांमागे लांब भाग असलेली गाडी बूड घासते. उतरल्यावर डिश आणि जोड गोड्या पाण्याने धुवा.

मालवणला वाडीचे मालक गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "थंय माडाखाली लावू नकात, नारळ पडतलो." डिशसाठी मी तीच जागा आधीच बाद केली होती, त्यामुळे पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. पण खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, आग्नेयेलाही माडच होते. अशा ठिकाणी टपाचा हट्ट सोडावा. आम्ही डिश काढून तिपाईवर, पंधरा मीटर जादा वायर टाकून खळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात मांडली आणि पायांवर जांभ्याचे चिरे ठेवले. खरं सांगायचं तर कोकणातल्या निम्म्या मुक्कामांना हीच सोय बरी पडते. म्हणून ब्रॅकेट असाच घ्या की दोन नट काढले की डिश सुटेल.

जून ते सप्टेंबर येणार असाल तर मोठ्या सरीत चित्र जाणार हे धरून चला. उपग्रहाच्या सिग्नलच्या लहरी पावसात विरतात, आणि ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची डिश घेतली तर मधल्या सरी निभतात, मुसळधार नाही. बरोबर एक जादा एलएनबी, मूठभर एफ-कनेक्टर (वायरच्या टोकाचे जोड), टेप आणि दहा नंबरचा पाना ठेवा. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीत हे सामान मिळतं, मधल्या गावांत दुकान उघडं असेलच असं नाही.