रुक्मिणी, रुप्पिणी, रुखमाबाई

कौंडण्यपूरला रुक्मिणीचे माहेर मानणाऱ्या आमच्या वर्धाकाठच्या गावांत जुना सातबारा काढला की एखादी रुखमाबाई हमखास सापडते. तिचेच नाव फेरफारात 'रुखमा' आणि मृत्यूच्या दाखल्यावर एकदम शुद्ध 'रुक्मिणीबाई' असते. वारसनोंदीच्या वेळी त्याचा मनस्ताप होतो तो होतोच. पण या रूपांमागे मोठा भाषिक इतिहास आहे.

नावाचे मूळ 'रुच्', म्हणजे चमकणे, या धातूत आहे. त्यापासून 'रुक्म' झाले. ऋग्वेदात मरुतांना 'रुक्मवक्षस्', छातीवर झळझळीत पदक मिरवणारे, म्हटले आहे. आणि शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाच्या, म्हणजे यज्ञासाठी विटांची वेदी रचण्याच्या, वेळी यजमान जे रुक्म गळ्यात घालतो ते सोन्याचे, 21 उंचवट्यांचे, सूर्याचे प्रतीक असते. म्हणजे आधी दागिना, आणि पुढे त्यावरून सोने. ग्रीक 'ल्यूकोस' (पांढरा, उजळ), लॅटिन 'लूक्स' (प्रकाश) आणि आपले 'रुचणे' हे याच कुळातले. 'रुक्मिन्', म्हणजे सुवर्णयुक्त, याचे स्त्रीलिंग रुक्मिणी. तेव्हा रुक्मी आणि रुक्मिणी ही भावंडे म्हणजे एकच शब्द दोन लिंगांत. भागवतात तर बाकीचे भाऊही रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली असे आहेत. इतकी जुळवून ठेवलेली नावे मला पाळण्यातली कमी आणि कथाकाराची अधिक वाटतात.

प्राकृतात मात्र या सोन्याचे काही वेगळेच झाले. तेथे 'क्म'चा 'प्प' होतो, आणि प्राकृताचा जुना वैयाकरण वररुची याच्या व्याकरणापासून त्याचे उदाहरण हेच नाव आहे: रुप्पिणी. 'आत्मन्'चा 'अप्पा' होऊन आपले 'आपण' आले, त्याच्या जवळचाच हा बदल. पण 'रूप्य', म्हणजे चांदी, याचेही प्राकृत रूप 'रुप्प'च. त्यामुळे सोने आणि रुपे एकाच उच्चारात येऊन बसले. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातला रुक्मी पर्वत चांदीचा आहे, सोन्याचा नाही. प्राकृत 'रुप्पी'चे पुन्हा संस्कृत करताना ही अदलाबदल झाली असावी, असे माझे अनुमान आहे.

मराठीने प्राकृताची वाट धरली असती तर आमच्या शेताच्या कागदांवर रुपिणीबाई असायला हवी होती. तसे झाले नाही. 'जन्म'चे 'जनम' व्हावे तसा जोडाक्षरात स्वर शिरून 'रुखमिणी' झाली, आणि पुढे आदराचे 'आई' लागून रखुमाई. हा आकार प्राकृतातून झिजत आलेला नाही. संस्कृत नाव पोथी-पुराणांतून कानावर पडत राहिले आणि लोकांनी ते आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले, असेच यावरून दिसते. ज्ञानेश्वरांच्या अभंगांत 'बाप रखुमादेवीवरु' ही नाममुद्रा येते, त्याअर्थी 13व्या शतकापर्यंत हे रूप चांगले रुळलेले होते.