वनीकरण, पुनर्वनीकरण, राखण: शब्द बदलला की काम बदलतं

रोपवनाच्या फलकावर, ग्रामसभेच्या ठरावात ‘वनिकरण’ असं ऱ्हस्व लिहिलेलं सर्रास दिसतं. शब्द ‘वनीकरण’ आहे, नी दीर्घ. ही शुद्धलेखनाची कटकट नव्हे, कारण त्या दीर्घ ईकारातच शब्दाचा अर्थ आहे. जे नव्हतं ते केलं, हे सांगायला संस्कृतात च्वि प्रत्यय लागतो. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, शुद्धीकरण. वन नव्हतं तिथे वन केलं, वनीकरण. इथे आधी काय होतं, हा प्रश्न शब्दातच दडलेला आहे, आणि कुदळ मारायच्या आधी नेमका तोच विचारायचा राहून जातो.

हवामान बदलावरच्या क्योटो कराराच्या नियमांनी या प्रश्नाला आकडा दिला. किमान ५० वर्षं जिथे वन नव्हतं तिथे ते उभं केलं तर वनीकरण. कधीकाळी वन होतं, पुढे जमीन दुसऱ्या वापराला गेली आणि ३१ डिसेंबर १९८९ ला तिथे वन नव्हतं, अशा जागी ते परत आणलं तर पुनर्वनीकरण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची वाटणी वेगळी आहे. वन म्हणूनच गणल्या गेलेल्या जमिनीवर पुन्हा झाडं उभी करणं, याला ती पुनर्वनीकरण म्हणते. आपल्याकडे ‘निकृष्ट वनांचं पुनर्वनीकरण’ म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाच्या जवळ जातं. म्हणून एखाद्या अहवालात नुसतं ‘पुनर्वनीकरण’ दिसलं, तर कोणत्या व्याख्येनं, हे पाहिल्याशिवाय त्यातल्या हेक्टरांची तुलना करू नका.

खान्देशात हे दोन्ही प्रकार एका दिवसात पाहता येतात. शिंदखेड्याकडचं पिढ्यान् पिढ्या उघडं पडलेलं मुरमाड गायरान हा वनीकरणाचा विषय. यावल-चोपड्याच्या वरचा, तोड होऊन विरळ झालेला सातपुड्याचा उतार हा पुनर्वनीकरणाचा. नवाडाची, म्हणजे वनजमिनीवर कसलेल्या शेताची, गोष्ट तिसरीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्या त्या शेतात बांधानं मोह, आंबा, चारोळी लावली, तर ती वनशेती. तिला वनीकरण म्हटलं की शेतकऱ्याला आपली जमीन पुन्हा जाणार अशी धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे.

उघड्या गायरानावर आधी माती आणि पाणी धरावं लागतं. समपातळी रेषेवर सलग समतल चर काढायचे, साधारण ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल, आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. रेषा हायड्रोमार्करनं, म्हणजे नळीतल्या पाण्यावरून पातळी दाखवणाऱ्या साधनानं, आखा, नजरेनं नको. चर थोडासा जरी उताराला कलला तरी सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथेच भराव फोडतं. ४५ सेंमी लांब, रुंद, खोल खड्डे मे संपायच्या आत झालेले हवेत, म्हणजे माती उन्हात तापते. पहिल्या सरीला रोपं लावू नका. ओल हातभर खाली गेल्यावर लावा, नाहीतर पुढच्या उघडिपीत ती माना टाकतात. पिशवी पूर्ण फाडून काढायची. पिशवीत गोल फिरलेलं मूळ जमिनीतही गोलच फिरतं, आणि असं झाड दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं.

पुनर्वनीकरणाच्या उतारावर मात्र आधी जिवंत खुंट मोजायचे. साग, धावडा, पळस यांचे खुंट तोडीनंतरही जिवंत असतात, पण वारंवार खुडला जाणारा फुटवा घोट्याच्या वर जात नाही, म्हणून लांबून तिथे काहीच नाही असं वाटतं. वाकून पाहिलं तर एकेका खुंटावर दहा-बारा फुटवे दिसतात. पावसाळ्याआधी खुंट जमिनीलगत, तिरका आणि धारदार कोयत्यानं छाटायचा. तिरका अशासाठी की पाणी साचून तो कुजू नये. जमिनीलगत अशासाठी की उंचावरून आलेला फुटवा बुडाशी कच्चा राहतो आणि मोडतो. नंतर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढायचे. खालचं मूळ जुनं आणि भक्कम असल्यानं सागाचा फुटवा एकाच पावसाळ्यात माणसाच्या उंचीला जातो. शेजारी लावलेल्या रोपाला तितकं वाढायला काही वर्षं लागतात. अशा जागी खड्ड्यांचं अंदाजपत्रक करणं म्हणजे असलेलं जंगल खणून नवं लावणं.

या कामाला आपला साधा शब्द आहे, राखण. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी), आणि नियम मोडणाऱ्याला गावानं ठरवलेला दंड. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं जंगल परत आणलं ते मुख्यतः या वाटेनं. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बऱ्याच बातम्यांमध्ये ‘झाडं लावली’ असंच आलं. झाडं राखली, हे जास्त खरं आहे आणि जास्त अवघडही.

वृक्षारोपण किंवा वृक्षलागवड हा शब्द एका कृतीपुरता आहे. वनीकरण हेक्टरात मोजतात, लागवड रोपांच्या संख्येत. राज्यात २०१९ सालचं उद्दिष्ट ३३ कोटी होतं, ते झाडांचं, वनाचं नव्हे. ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी १,१११ रोपं बसतात, ४ बाय ४ वर ६२५. म्हणून रोपांच्या आकड्यासोबत अंतर विचारलंच पाहिजे. ‘इतके टक्के जगली’ असं कुणी सांगितलं तर नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, किती वेळा भरल्या तेही विचारा. दुसऱ्या वर्षी मेलेल्यांच्या जागी नवी लावून मोजलेली टक्केवारी पहिल्या रोपांबद्दल काहीच सांगत नाही.

आणि काही झाडं लावायचीच नसतात, पेरायची असतात. खान्देशचा अंजन पाहा. त्याच्या चपट्या, पंखासारख्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. ते उन्हाळ्यात पिकतं आणि पहिल्या पावसात रुजतं. कोंब बोटभर दिसतो तेव्हा खाली मूळ कितीतरी पुढे खडकाच्या फटीत शिरलेलं असतं. हे सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळलं की झाडाची खडकाळ जागी तगण्याची ताकदच जाते. त्याला भरपूर बी येतं तेही काही वर्षांच्या अंतरानं, तेव्हा बी धरलेलं वर्ष वाया घालवू नये. इथे शब्द हवा ‘बीजपेरणी’.

घनवन, म्हणजे मियावाकी पद्धत, यात चौरस मीटरला तीन-चार रोपं असतात. एका गुंठ्याला तीनशेच्या वर रोपं आणि पाऊस नसेल तेव्हा रोज सुमारे ५०० लिटर पाणी, तेही पहिली दोन-तीन वर्षं. शाळेच्या आवारात जरूर करा. पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या गावाच्या माळावर नको.

वनक्षेत्र आणि वनाच्छादन यांची गल्लत सगळ्यात महाग पडते. वनक्षेत्र कागदावरून ठरतं, तिथे एकही झाड नसलं तरी ते वनक्षेत्रच. वनाच्छादन उपग्रहावरून ठरतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनं किमान १ हेक्टर जागेत झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्के भरली की ते आच्छादन, मालकी कुणाचीही असो, झाड कोणतंही असो. फळबागही त्यात बसते. तिसरा अर्थ न्यायालयानं दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं ‘वन’ शब्दाला कोशातला अर्थ लावायला सांगितलं.

कोशाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, ‘जंगल’ आलं ते संस्कृत ‘जांगल’वरून, आणि जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आयुर्वेदात त्याचा विरुद्ध शब्द आहे आनूप, पाणथळ. सातपुड्याचं पानगळीचं रान या मूळ अर्थानं अस्सल जंगल आहे. १० ते ४० टक्के आच्छादनाला सर्वेक्षणात ‘खुलं वन’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ते कमी दर्जाचं वाटतं. पण शतकाहून अधिक काळ न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली परत सापडला तो शहाद्याजवळच्या अशाच रानात. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, शिकारीला मोकळी जमीन लागते. एकाच वयाच्या झाडांच्या रोपवनात ढोल्या नसतात.

‘पडीक’ या शब्दानं तर फार नुकसान केलं आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा किंवा पडीक लिहिलेला माळ पुष्कळदा जातिवंत कुरण असतो. पवना, मारवेल, शेडा ही त्याची गवतं, माळटिटवी आणि चंडोल ही त्याची पाखरं. तिथे खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावला तर सावलीनं गवत जातं आणि गुरांचा चाराही जातो. अशा जागेच्या ठरावात ‘वनीकरण’ लिहू नका, ‘कुरण विकास’ लिहा. काम सोपं आहे. भर पावसात पवना-मारवेलची ठोंबं लावायची, पहिली दोन वर्षं चराई बंद ठेवायची, आणि विळा लावायचा तो बी जमिनीवर झडल्यानंतरच.