फुल मॅरेथॉनला तीन आठवडे राहिले: माझं ठीक, काळजी त्याची

माझा आठवडा आधी पटकन लिहून टाकते. हाफ मॅरेथॉनची (21 किलोमीटर) तयारी ठरल्याप्रमाणे चालू आहे, लाँग रन 20 किलोमीटर झाला, मधल्या वारी दोन इझी रन आणि एक टेम्पो, म्हणजे जरा वेगातला रन, पोटरी आता अजिबात बोलत नाहीये. शूज तेच ठेवणार. बस.

खरं लिहायचंय ते नवऱ्याबद्दल. त्याच इव्हेंटला तो फुल (42.195 किलोमीटर) धावतोय आणि त्याचा आजवरचा सगळ्यात लांब रन आहे 18 किलोमीटर. नाव नोंदवलं तेव्हा प्लॅन व्यवस्थित होता, पण मग सासूबाईंचं आजारपण आलं, रात्री हॉस्पिटलमध्ये, दिवसा ऑफिस, त्यात धावणं सुटलं ते सुटलंच. त्यात त्याचा काही दोष नाही आणि मला त्याला बोलही लावायचा नाहीये. हाफमध्ये बदलून घेता येईल का विचारलं, तर कॅटेगरी बदलायची मुदत संपली. सोडून दे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण इतक्या वाईट महिन्यांनंतर ही एकच गोष्ट आहे जिच्याबद्दल तो उत्साहाने बोलतोय.

पण काळजी वाटतेच, आणि ती नक्की कशाची ते रविवारी नीट दिसलं. त्याच्या 18 च्या रनला शेवटचे पाच किलोमीटर मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. श्वास एकदम मस्त, गप्पा चालू, धाप नाही. पण 13 च्या पुढे उजवं पाऊल थप्प-थप्प वाजायला लागलं, डाव्याचा आवाज आधीसारखाच. मग डावी कंबर प्रत्येक पावलाला थोडी खाली जायला लागली आणि हाताच्या मुठी घट्ट झाल्या. विचारलं तर म्हणाला, "अगं काही नाही, अजून दहा सहज जाईन." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि मला भीती वाटते ती याचीच. तो आधीपासून फिट आहे, सायकल चालवतो, त्यामुळे हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत परत लायनीवर आली, पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडांना तो भार झेलायची सवय व्हायला महिने लागतात. म्हणजे इंजिन तयार आहे आणि चॅसी नाही, आणि ड्रायव्हरला फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येतोय.

घरी आल्यावर नडगीवरून बोटाने दाबत खालपर्यंत गेले. लांबवर पसरलेला ठणका होता, एका जागी बोट ठेवल्यावर कळ येईल असं काही नव्हतं, आणि एका पायावर उड्या मारून बघितल्या तेव्हाही दुखलं नाही. हे बरं झालं. एकाच बिंदूवर दुखलं असतं तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेऊन सरळ डॉक्टरकडे नेलं असतं, मग इव्हेंट राहिला असता बाजूला.

2025 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा एक अभ्यास आला होता, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यात आठवड्याचं एकूण मायलेज (धावलेलं अंतर) किती वाढलं यापेक्षा एकाच रनमध्ये किती उडी मारली हे महत्त्वाचं निघालं. मागच्या 30 दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त गेलात की इंजुरीचा धोका वाढतो, आणि दुपटीच्या वर गेलात तर धोकाही दुपटीहून जास्त. 18 वरून 42.195 म्हणजे दुपटीच्या बरंच वर. हे त्याला वाचून दाखवलं तर त्याची पहिली प्रतिक्रिया, "मग पुढच्या रविवारी 30 करून टाकतो." नाही! तीन आठवड्यांत फिटनेस भरून निघत नाही, फक्त पाय थकवून स्टार्ट लाइनला जाशील. बराच वेळ वाद झाला पण हे त्याला पटलं. येत्या रविवारी 20 (10 टक्क्यांच्या किंचितच वर), त्याच्या वर नाही, आणि नंतर कमी कमी करत जायचं.

म्हणजे आता तयारी वाढवणं आपल्या हातात नाही, त्या दिवशी काय करायचं ते ठरवणं तेवढं आहे. सगळ्यात मोठं म्हणजे पेस, एका किलोमीटरला किती मिनिटं घ्यायची ते. त्याच्या डोक्यात पाच तास होते, म्हणजे किलोमीटरला साधारण 7:07. मी म्हटलं कट-ऑफ (शर्यत संपवायची वेळमर्यादा) सात तासांचा आहे, म्हणजे जवळपास 10 मिनिटांचा पेस, एवढी जागा असताना पाच कशाला? जेफ गॅलोवे, जे स्वतः 1972 च्या ऑलिंपिकला 10,000 मीटर धावलेत, ते नवख्यांना रन-वॉक शिकवत आले, आणि त्यातली मुख्य गोष्ट ही की चालायचं ते पहिल्या किलोमीटरपासून, थकल्यावर नाही. दोन मिनिटं 7:30 ने धावायचं, एक मिनिट भरभर चालायचं, असं केलं तर सरासरी साधारण 8:17 पडते आणि फुल 5 तास 50 मिनिटांत होते. कट-ऑफच्या आत तासाभराहून जास्त वेळ शिल्लक! त्याला सुरुवातीला चालणं म्हणजे हार वाटत होती, पण बुधवारी 8 किलोमीटर असं करून आल्यावर स्वतःच म्हणाला की शेवटी पाय हलके होते. मला किती बरं वाटलं सांगू.

पाण्याचं मात्र अजून पूर्ण मिटलं नाहीये. तो म्हणतो तयारी कमी आहे तर पाण्याच्या प्रत्येक स्टेशनला दोन ग्लास पिईन, सेफ राहीन. उलट आहे हे, गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम (मीठ) उतरतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं, 2005 ला पेपर आला, त्यात 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि धोका जास्त कोणाला, तर धावताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना. हळू धावणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो ना. तहान लागेल तसं प्यायचं, एवढं तरी ऐक म्हटलं. एनर्जी जेल (धावताना खायची गोड पेस्ट) पण आत्तापर्यंत एकही घेऊन बघितलेलं नाही. 30-32 किलोमीटरच्या आसपास ग्लायकोजन (शरीरात साठवलेली साखर) संपत येतं, त्यामुळे धावताना तासाला निदान 30 ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत, आणि ते पोट आधी तपासून घ्यायला हवं, म्हणून रविवारच्या 20 ला दोन जेल नक्की. खिशात पेनकिलर ठेवणार होता त्या काढून घेतल्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन किडनीला चांगलं नाही, आणि वर ते दुखणं झाकतं, आणि दुखणं हाच तर त्याचा एकमेव इशारा आहे.

थांबायचं कधी हे आत्ताच ठरवलं, कारण तिथे 35 व्या किलोमीटरला कोणीच शहाणपणाने ठरवत नाही. दुखण्यामुळे पावलं टाकायची पद्धत बदलली, म्हणजे लंगडायला लागला, तर चालायचं आणि चालूनही तसंच राहिलं तर बाहेर. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि मेडिकल टीमला बोलवायचं. बोलणं अडखळायला लागलं, विचारलेल्याचं उत्तर भलतंच आलं, तर निर्णय त्याचा नाही. उष्माघातात स्वतःला कळतच नाही, तिथे आधी गार पाण्यात घालून शरीर थंड करायचं आणि मग हॉस्पिटल, हे मी मुद्दाम त्याच्या भावालाही समजावून ठेवलंय, तो फिनिशला असेल. रूट लूपचा आहे त्यामुळे माझी हाफ संपवून मला त्याच्या 30 च्या खुणेपाशी पोचता येतं. तिथे मी पाऊल ऐकणार, दोन प्रश्न विचारणार, आणि थांब म्हटलं तर थांबायचं. यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक आहे, पण मी नीट असलो तर उगाच थांबवायचं नाही." कबूल केलं मी, आणि ते पाळणार पण.

आता एकच गोष्ट अडलीये. ज्यांनी 2:1 ने (दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं) फुल केलीये त्यांनी सांगा, 30 नंतर तेच धरून ठेवलंत की 1:1 वर आलात? त्याच्या घड्याळात इंटरव्हल आधीच सेट करून द्यायचाय, आणि रविवारच्या 20 ला शेवटचे चार-पाच किलोमीटर तसे करून बघता येतील.