लागोसमध्ये स्वस्तात राहायचं तर

धाकटा भाऊ कामासाठी नायजेरियातल्या लागोसला निघालाय आणि हॉटेल शोधायचं काम नेरुळात बसून मी अंगावर घेतलंय. स्वस्त खोल्या पुष्कळ दिसतात, पण मी भाड्याआधी जागा बघते. विमानतळ इकेजात, म्हणजे मेनलँडवर, शहराच्या मुख्य भूमीच्या बाजूला. त्याच्या मीटिंगा पलीकडे व्हिक्टोरिया आयलंडला. मधे जवळपास 12 किलोमीटरचा थर्ड मेनलँड ब्रिज. सकाळी ऐरोलीहून ठाणं गाठणाऱ्यांना तिथल्या ट्रॅफिकबद्दल वेगळं सांगायला नको! विमानतळाजवळ खोली स्वस्त पडेल, पण वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. म्हणून सध्या याबा बघतेय, मेनलँडवरच पण पुलाला लागून.

हॉटेलवाल्यांना पहिला प्रश्न एकच: जनरेटर रात्रभर चालतो का? तिथे वीज सारखी जाते. एकाने सरळ कळवलं, ‘रात्री 1 ते 5 बंद.’ ते नाव तिथल्या तिथे खोडलं. त्या दमट उकाड्यात पंख्याशिवाय माणूस झोपणार कसा?

पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवीच. परत येताना आपल्या विमानतळावरही लस घेतल्याचं पिवळं कार्ड बघतात. दादू, ते पासपोर्टच्या कव्हरातच ठेव, बॅगेत नको.