आमची वाटचाल : गॉगल घ्यायला येताना हेल्मेट आणा

आमचं दुकान मूळचं नंबरच्या चष्म्यांचं. वडिलांनी ते पोवई नाक्याजवळ काढलं, तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत होती. तिथल्या कामगारांचे आणि त्यांच्या घरच्यांचे चष्मे यावरच आमचं घर चालायचं. गॉगल म्हणजे दारातला फिरता स्टँड, लग्नसराईत खपणारा माल. वडील त्याला ‘हौसेचं खातं’ म्हणायचे. आज दुकानाची जवळपास निम्मी उलाढाल त्याच खात्यातून येते, आणि तीही नवरदेवांमुळे नव्हे, रोज मोटारसायकलवर पोट असणाऱ्यांमुळे.

हे गिऱ्हाईक आधीपासून येतच होतं: दूधवाले, औषध कंपन्यांचे एमआर, जावळी-पाटणकडच्या शाळांवर जाणारे गुरुजी. त्यांची तक्रार उन्हाची कमी आणि वाऱ्याची जास्त. डोळ्यांतून पाणी येतं, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे लागलं की पाचटाचा कण डोळ्यात जातो, पहिल्या पावसानंतर संध्याकाळी किडे थेट तोंडावर. हेल्मेटची काच खाली घ्या म्हणावं, तर ती धुक्यात आणि पावसात आतून भरते, शिवाय बहुतेकांची ओरखड्यांनी पांढरी झालेली. म्हणून ती वर, आणि डोळे उघडे.

परळीकडचे एक दूधवाले मामा काळा गॉगल मागायला आले होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे वडस, म्हणजे मांसाचा पापुद्रा, वाढत होता. ऊन, वारा, धूळ टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण मामा घरून निघायचे अंधारात आणि परतायचे उन्हात. काळा गॉगल त्यांना जाताना आंधळंच करणार. त्यांना आम्ही एक पांढरी, म्हणजे पारदर्शक जोडी दिली आणि एक करडी. पैसे देताना म्हणाले, “एका डोक्याला दोन गॉगल? पोरं हसतील की ओ!” हसली असतीलही. पण त्या दिवसापासून पारदर्शक गॉगल आमच्याकडे दर्शनी मांडणीत आला. तोवर तो साइटवर आणि वेल्डिंगच्या दुकानात वापरायची वस्तू होती.

काळेपणाचंही माप असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. चांगल्या गॉगलच्या दांडीवर आतून 0 ते 4 यांपैकी एक आकडा असतो. 3 म्हणजे काचेतून 8 ते 18 टक्के उजेड आत येतो. भर उन्हाच्या प्रवासाला तो ठीक. 4 म्हणजे 3 ते 8 टक्केच, बर्फासाठी आणि उंच डोंगरांसाठी. तो घालून गाडी चालवायचीच नसते. तरुण पोरं नेमका तोच मागतात.

काळी काच म्हणजे संरक्षण, हाही गैरसमज. अतिनील किरण अडवणं आणि उजेड कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी. काच नुसतीच काळी असेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. काउंटरवर आम्ही यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च ठेवलाय. नोटेवरच्या नंबराची शाई त्या उजेडात चमकते. मध्ये गॉगलची काच धरली आणि चमक गेली, तर काच किरण अडवते. पुण्याच्या एका पुरवठादाराने ‘यूव्ही 400’चे स्टिकर लावलेला खोका पाठवला होता. त्यातल्या अर्ध्याअधिक गॉगलमधून नंबर लख्ख चमकत राहिले. खोका परत गेला, व्यवहार थांबला. मात्र स्वस्त माल म्हणजे खोटाच, असंही नाही. पॉलीकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक मुळातच अतिनील किरण अडवतं, मग किंमत काहीही असो. स्वस्तातली खरी अडचण वेगळी. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि तो हळूच हलवा. चौकट लाटेसारखी वळली, तर तो घालून खंबाटकी घाट उतरू नका.

काचेबाबत आमचा हट्ट आहे. खऱ्या काचेचा जुना फोटोग्रे, म्हणजे उन्हात काळा होणारा चष्मा, कुणी कितीही प्रेमाने आणला, तरी गाडीसाठी आम्ही तो बसवून देत नाही. समोरच्या टायरखालून उडालेल्या खडीने ती फुटली तर तुकडे कुठे जातील हे सांगायला नको. साधी फायबर, म्हणजे नेहमीच्या चष्म्याची प्लास्टिकची काच त्याहून बरी, पण गाडीला पॉलीकार्बोनेटचीच. तिचा दोष एकच: ओरखडे लवकर पडतात. म्हणून आधी पाणी, मग फडकं. शर्टाच्या टोकाने पुसलेला गॉगल महिनाभरात ओळखू येतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो हेल्मेटवरून. हेल्मेट डोक्यावर असल्याशिवाय आम्ही बाइकचा गॉगल बसवून बघत नाही. गॉगल रुंद दांडीचा असेल, तर हेल्मेटचं पॅडिंग ती कानशिलावर दाबतं. आरशासमोर काही कळत नाही, लिंबखिंडीपर्यंत डोकं ठणकायला लागतं. दांडी बारीक आणि सरळ हवी, हेल्मेट घातल्यावर सरकवता आली पाहिजे. मग मान वळवून मागे बघायचं. फ्रेमची कड आडवी आली, तर तो गॉगल बाद. एकदा एक आबा वैतागले, “आवं, मी गॉगल घ्यायला आलोय, डोकं मोजायला न्हाई.” ते तसेच गेले. विक्रीही गेली.

पोलराइज्ड गॉगल ओल्या रस्त्याची चमक मारतो, त्यामुळे डोळ्याला गारवा वाटतो. पण कधी कधी तीच चमक पाणी किंवा सांडलेलं ऑइल दाखवून देते. शिवाय काही गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा दिसतो. म्हणून घेण्याआधी बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीवर बसून बघा, असं आम्ही सांगतो. उन्हात काळी होणारी काच हेल्मेटच्या बंद काचेआड काळी होतच नाही, कारण तिला लागणारे किरण बाहेरच अडतात. उघड्या हेल्मेटमध्ये ती काळी होते खरी, पण पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात की पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं घेते. तोवर बोगदा संपतो. आणि रात्री दिवे झोंबू नयेत म्हणून पिवळा गॉगल? त्याने दिसणं सुधारत नाही, उलट थोडा उजेड कमीच होतो. तो आम्ही ठेवतच नाही, मागणी बरीच असूनही.

नंबरवाल्यांसाठी चेहऱ्यालगत वळणाऱ्या, वळणदार फ्रेममध्ये काच बसवणं हे खरं कसब. पूर्वी हे काम पुण्याला जायचं आणि गिऱ्हाईक आठवडाभर जुन्या चष्म्यावर. लॉकडाऊन उठल्यावर कर्ज काढून फिटिंगची मशीन आणली. वडिलांना ते कर्ज अजून पटलेलं नाही, पण मशीनवर पहिले तेच बसतात. नंबर चारच्या पुढे असेल, तर वळणदार फ्रेममध्ये कडेने वाकडं दिसतं. अशांना आम्ही कमी वळणाची फ्रेम आणि चांगल्या काचेचं हेल्मेट सुचवतो. त्यात आमची कमाई कमी, हेल्मेट तर आम्ही विकतही नाही.

यंदा दुचाकीवर मागे बसणाऱ्या मुलांसाठी लहान मापाच्या पारदर्शक जोड्या आणल्या आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात शनिवार-रविवार कासच्या पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा निवांत बघायचं तर मधल्या वारी सकाळी या. नंबर असेल तर कागद आणा, आणि तो दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर आधी डोळे तपासू.