डिव्हाइस ट्री: कोणती ओळ कोणत्या फाइलीत?

नवा बोर्ड हातात आला की डेव्हलपमेंट बोर्डाची डीटीएस (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते लिनक्स कर्नलला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीची सोर्स फाइल) कॉपी करून नको ते खोडण्याचा मोह होतो. बोर्ड बूटही होतो. पण त्याची दुसरी आवृत्ती आली की तीच चूक दोन ठिकाणी दुरुस्त करत बसावं लागतं.

स्कीमॅटिक समोर ठेवा आणि प्रत्येक नोडला (ट्रीमधल्या एकेका उपकरणाच्या नोंदीला) एकच प्रश्न विचारा: हे बदलायचं तर काय बदलावं लागेल? चिप बदलावी लागत असेल, तर नोड एसओसीच्या (मुख्य चिपच्या) डीटीएसआयमध्ये, म्हणजे इतर डीटीएसमध्ये समाविष्ट होणाऱ्या सामायिक फाइलीत. चिप बसवलेलं छोटं बोर्ड, म्हणजे मॉड्यूल, बदलावं लागत असेल (वीजपुरवठा सांभाळणारी पीमिक चिप, ईएमएमसी स्टोरेज), तर मॉड्यूलच्या डीटीएसआयमध्ये. कनेक्टर, एलईडी, बटणं बोर्डाच्या डीटीएसमध्ये. एसओसीच्या फाइलीत बाहेर पिन लागणारे यूएआरटी, आयटूसी वगैरे 'डिसेबल्ड' ठेवायचे आणि बोर्डाने लेबल धरून हवे तेवढेच 'ओके' करायचे.

इथे एक फसगत ठरलेली. डीटीएसआय समाविष्ट करणाऱ्या फाइलीत तीच प्रॉपर्टी पुन्हा लिहिली की जुनी यादी पूर्ण पुसली जाते, तिच्यात भर पडत नाही. पिनकंट्रोलचे (पिनांच्या जोडणीचे) दोन गट हवे असतील तर दोन्ही पुन्हा लिहा. एखादी प्रॉपर्टी काढायचीच असेल तर 'डिलीट-प्रॉपर्टी' वापरा.

जीआयसीचे (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरचे) इंटरप्ट क्रमांकही नीट बघा. मॅन्युअलमध्ये पूर्ण आयडी दिला असेल तर एसपीआयसाठी (शेअर्ड पेरिफेरल इंटरप्ट, एसपीआय बस नव्हे) त्यातून 32 वजा करावे लागतात. 72 चा 40 होतो. चुकलं तर ड्रायव्हर प्रोब होतो (उपकरणाला जोडला जातो), पण ट्रान्सफर टाइमआउट होतात आणि प्रॉक-इंटरप्ट्समधला आकडा शून्यावरून हलत नाही.

सगळ्यात छळणारी चूक पुरवठ्याची. ईएमएमसीला पीमिकचा रेग्युलेटर जोडला, पण पीमिकचा ड्रायव्हर नंतर लोड होणारं कर्नल मॉड्यूल म्हणून त्याच ईएमएमसीवरच्या रूटएफएसमध्ये (मूळ फाइलसिस्टिममध्ये) पडलेला! इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) नसेल तर कर्नल रूट डिव्हाइसची वाट बघत राहतो. असा ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन हवा.

मेकफाइलमध्ये डीटीबीची (डीटीएसपासून तयार होणाऱ्या बायनरी फाइलीची) ओळ टाकायला विसरू नका. कर्नल 6.5 पासून 32-बिट आर्मच्या डीटीएसही कंपनीनिहाय फोल्डरांत गेल्या आहेत, तेव्हा जुने पाथ तपासा. मग डिव्हाइस ट्री नियमांशी ताडून पाहणारं 'डीटीबीएस चेक' चालवा.

फाइलींची नुसती फेररचना केली असेल, तर आधीची आणि नंतरची डीटीबी डीटीसी या कंपायलरने उलटी फिरवून पुन्हा डीटीएस करा, क्रम लावणाऱ्या पर्यायासह, आणि डिफ काढा. फँडलचे (नोडांच्या आपसातल्या संदर्भांचे) क्रमांक सोडून काही वेगळं दिसलं, तर एखादी ओळ वाटेत हरवली किंवा बदलली आहे.